काढून टाकण्याआधी लिहून घ्या

विंडोज १० ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तारीख बरीच आधी जाहीर झाली होती, तरी सांगली-मिरजेकडच्या छोट्या ऑफिसांनी आपली मशीनं विंडोज ११ वर नेली ती अगदी त्या तारखेच्या आगेमागे. दिवाळी तोंडावर, जीएसटीचं वीस तारखेचं रिटर्न डोक्यावर, आणि त्यातच हे काम. मी या भागातल्या करसल्लागारांच्या, अकाउंटंटच्या आणि काही वकिलांच्या कॉम्प्युटरचं काम बघतो. त्या दिवसांत फोन उचलला की पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असायचं : "अपग्रेड मारल्यापासून व्हीपीएन लागत नाही."

मी ज्या व्हीपीएनबद्दल लिहितोय ते जाहिरातींतलं, परदेशातल्या मालिका बघायला घेतात ते नव्हे. करसल्लागाराच्या ऑफिसात एका मशीनवर टॅलीचा डेटा असतो, क्लायंटची बँक स्टेटमेंटं असतात, पॅन-आधारच्या प्रती असतात. लॉकडाऊनमध्ये स्टाफ घरून काम करायला लागला तेव्हा घरचा लॅपटॉप आणि ऑफिसचं नेटवर्क यांच्यात इंटरनेटवरूनच एक कुलूपबंद वाट करून देणं भाग पडलं. बहुतेक ठिकाणी ती ऑफिसच्या राउटरवरच बसवली गेली आणि लॅपटॉपवर विंडोजचीच स्वतःची व्हीपीएन जोडणी वापरली गेली. ही व्यवस्था इतकी बिनबोभाट चालली की ती कशी बसवली होती हे कुणाच्याही लक्षात राहिलं नाही. अपग्रेडनंतरच्या बहुतेक अडचणींचं मूळ मला इथे सापडलं. विंडोज ११ मध्ये फार काही बिघडलेलं नसतं. जुन्या मशीनवर कोणी, कधी, काय टिकमार्क करून ठेवलं होतं याची नोंद कुठेच नसते.

इचलकरंजीच्या एका ताई सांगलीतल्या एका फर्मचं काम घरून करतात. त्यांचा लॅपटॉप दुकानात गेला आणि दुकानदाराने तो अपग्रेड न करता सरळ फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून दिलं. डेटा पेन ड्राइव्हवर काढून दिला होता, त्यामुळे ताई निश्चिंत होत्या. संध्याकाळी बघतात तर व्हीपीएनची जोडणीच गायब. युजरनेम आणि पासवर्ड त्यांच्या डायरीत होता. पण एल२टीपी प्रकारच्या व्हीपीएनला तिसरी एक गोष्ट लागते : प्री-शेअर्ड की, म्हणजे राउटर आणि लॅपटॉप दोघांनाही ठाऊक असलेली एक सामायिक किल्ली. ती कुणालाच माहीत नव्हती. २०२० मध्ये ज्या मुलाने राउटर बसवला तो पुण्याला नोकरीला गेलेला आणि त्याचा नंबर बदललेला. राउटरचा ॲडमिन पासवर्डही त्याच्याबरोबरच गेला.

यानंतर जे झालं ते टाळता येण्यासारखं होतं, म्हणून सविस्तर सांगतो. ऑफिसातल्या एकाने यूट्यूबवर बघून टाचणीने राउटरचं रीसेटचं बटण दाबलं. पासवर्ड पुसला गेला, राउटर उघडला. पण त्याबरोबर किल्ली गेली, सगळ्या स्टाफची व्हीपीएनची खाती गेली, आणि ब्रॉडबँडचा लॉगिन आयडीसुद्धा गेला, कारण तोही राउटरमध्येच भरलेला होता. सकाळपर्यंत एका लॅपटॉपची असलेली अडचण दुपारी अख्ख्या ऑफिसची झाली. मिरजेहून आणि जयसिंगपूरहून काम करणाऱ्यांचं चालू असलेलं व्हीपीएन बंद पडलं, आणि ऑफिसात बसलेल्यांचं नेटसुद्धा. मला बोलावणं आलं ते त्यानंतर. ब्रॉडबँडवाल्याकडून आयडी मिळवला, राउटर नव्याने बसवला, नवी किल्ली केली आणि एकेका मशीनवर भरली. ती किल्ली, राउटरचा पासवर्ड आणि ब्रॉडबँडचा आयडी एका कागदावर लिहून तो पाकिटात घालून भागीदारांच्या तिजोरीत ठेवायला लावला. शिवाय राउटरच्या सेटिंगची बॅकअप फाइल काढून दोन ठिकाणी ठेवली. जवळपास प्रत्येक राउटरमध्ये ही सोय असते आणि जवळपास कुणीही ती वापरत नाही.

तेव्हा अपग्रेडच्या आधी काय टिपून ठेवायचं ते सांगतो. विंडोजची स्वतःची जोडणी असेल तर सर्व्हरचा पत्ता, प्रकार (एल२टीपी, आयकेईव्ही२, एसएसटीपी की आणखी काही) आणि किल्ली. मग विंडोज आणि आर ही बटणं दाबून 'एनसीपीए डॉट सीपीएल' हा आदेश द्या. नेटवर्क जोडण्यांची जुनी खिडकी उघडेल. तिथे व्हीपीएनच्या जोडणीवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, आणि सिक्युरिटीच्या पानाचा मोबाइलने फोटो. नेटवर्किंगच्या पानावर आयपीव्ही४ च्या ॲडव्हान्स्डमध्ये आत गेल्यावर 'यूज डीफॉल्ट गेटवे ऑन रिमोट नेटवर्क' असा एक चौकोन आहे, त्याचाही फोटो. हे दोन फोटो पुढचा अर्धा दिवस वाचवतात. आणखी एक सोपी गोष्ट म्हणजे विंडोज आपल्या व्हीपीएन जोडण्या 'रासफोन डॉट पीबीके' नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवतं. युजरच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके असं आत गेलं की ती सापडते. ती पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि फॉरमॅटनंतर त्याच जागी टाका, जोडणी सेटिंगसकट परत दिसेल. मात्र पासवर्ड आणि किल्ली त्या फाइलमध्ये नसतात, ते कागदावर हवेतच.

ओपनव्हीपीएन किंवा वायरगार्ड असेल तर त्यांची कॉन्फिग फाइल आणि, असल्यास, सर्टिफिकेटच्या फायली जपायच्या. सॉफ्टवेअर पुन्हा उतरवून घेता येतं. तुमच्या नावाने काढलेली फाइल ऑफिसच्या सर्व्हरशिवाय दुसरीकडे कुठेच मिळत नाही.

आता अपग्रेड होऊन गेलंय आणि व्हीपीएन लागत नाही, अशा वेळी काय करायचं? मिरजेच्या एका काकांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं देतो. ते बँकेतून निवृत्त झालेत आणि दोन-तीन दुकानांचे हिशेब घरून लिहितात.

"काहीतरी एरर येतोय बघा."

"आकडा काय दिसतोय काका?"

"आकडा नाही बघितला. इंग्रजीत चार ओळी आल्या, मी बंद करून टाकलं."

"परत लावा, आणि बंद न करता मला फोटो पाठवा."

फोटो आला. त्यात ८०९ होता, आणि पुढचं काम निम्मं सोपं झालं. विंडोजच्या व्हीपीएनचे हे आकडे नेमकं बोलतात. ६९१ म्हणजे पलीकडे कुणीतरी आहे, त्याने दार उघडलं, पण नाव किंवा पासवर्ड पटला नाही, किंवा ओळख पटवण्याची पद्धत दोघांची जुळली नाही. ७८९ म्हणजे सुरक्षेच्या पहिल्याच बोलण्यात खटका उडाला. तिथे आधी किल्ली तपासायची. ८०९ म्हणजे पलीकडून उत्तरच आलं नाही, म्हणजे वाटेत काहीतरी अडतंय. तीन आकडे, तीन वेगळ्या जागा. ६९१ येत असताना राउटर बदलून किंवा ८०९ येत असताना पासवर्ड बदलून काही हाती लागत नाही. नवा पासवर्ड विसरला जातो तेवढाच.

काकांचा जुना कॉम्प्युटर विंडोज ११ च्या अटींत बसत नव्हता. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणून मुलाने नवा लॅपटॉप घेऊन दिलेला. एल२टीपीचं बोलणं यूडीपीच्या ५०० आणि ४५०० या पोर्टवरून चालतं. त्यांच्या दुकानांच्या सर्व्हरपुढे ब्रॉडबँडचा मोडेम होता, आणि घरी काकांपुढेही राउटर. म्हणजे दोन्ही टोकं राउटरच्या आड. सर्व्हर असा आडोशाला असेल तर विंडोज मुळातच अशी जोडणी करत नाही. तशी मुभा त्याला रजिस्ट्रीत एक नोंद करून द्यावी लागते. सिस्टिम, करंटकंट्रोलसेट, सर्व्हिसेस, पॉलिसीएजंट या वाटेने आत जाऊन 'अझ्यूमयूडीपीएन्कॅप्सुलेशनकॉन्टेक्स्टऑनसेंडरूल' अशा लांबलचक नावाची डीवर्ड नोंद करायची, तिची किंमत २ ठेवायची आणि मशीन रीस्टार्ट करायचं. जुन्या कॉम्प्युटरवर ही नोंद कधीतरी कुणीतरी केलेली होती. नव्यावर अर्थातच नव्हती. ती केली आणि काकांचं व्हीपीएन लागलं. रजिस्ट्रीत हात घालण्याचा सराव नसेल तर हे काम जाणत्याकडून करून घ्या, पण त्याला हे नाव सांगा. त्याचे दोन तास वाचतील.

६९१ चा एक प्रकार विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे. जोडणी नव्याने केली किंवा अपग्रेडमध्ये तिची सेटिंग हलली की सिक्युरिटीच्या पानावरची 'एमएस-चॅप व्हर्जन २' ची टिक निघालेली सापडते. पासवर्ड शंभर टक्के बरोबर असतो, तरी नकार येतो. मघाशी ज्या फोटोबद्दल सांगितलं तो इथे कामी येतो. मोठ्या कंपन्यांत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून एंटरप्राइज मशीनवर क्रेडेन्शियल गार्ड आपोआप चालू होतं, आणि त्यामुळे याच जुन्या पद्धतीने आपोआप होणारं लॉगिन थांबतं. तिथे तुम्ही घरी बसून काही करू नये. कंपनीच्या आयटी विभागाला कळवायचं, आणि कळवताना आपली विंडोजची आवृत्ती सांगायची.

दुसरा गट असतो तो 'लागतं, पण चालत नाही' वाल्यांचा. व्हीपीएनवर कनेक्टेड दिसतं आणि टॅली उघडत नाही. इथे माणसं सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण व्हीपीएनचं काम झालेलं दिसत असतं. एकेक पायरी चढायची. आधी व्हीपीएन बंद ठेवून साधी वेबसाइट उघडते का बघा. मग व्हीपीएन लावून ऑफिसच्या सर्व्हरला त्याच्या आकडी पत्त्याने पिंग करा, आणि मग नावाने. आकड्याने उत्तर येतं आणि नावाने येत नाही, तर व्हीपीएन ठीक आहे, फक्त नाव शोधून देणारा डीएनएस चुकीचा लागलाय. आकड्यानेही येत नसेल तर वाट चुकतेय किंवा पलीकडची फायरवॉल अडवतेय. अपग्रेडनंतर विंडोज कधीकधी ओळखीच्या नेटवर्कलाही 'पब्लिक' समजायला लागतं आणि फाइल शेअरिंग बंद करून टाकतं. ऑफिसच्या सर्व्हरचंही अपग्रेड झालं असेल तर तिथे जाऊन ते 'प्रायव्हेट' करावं लागतं. लॅपटॉपवर कितीही शोधलं तरी ते सापडत नाही.

व्हीपीएन लावलं की घरचं बाकीचं इंटरनेट थांबतं किंवा रेंगाळतं, ही तक्रार नव्याने केलेल्या जोडणीत हमखास येते. कारण तो 'डीफॉल्ट गेटवे'चा चौकोन. नव्या जोडणीत तो टिक केलेलाच असतो, म्हणजे तुमचा प्रत्येक व्हिडिओसुद्धा आधी ऑफिसला जाऊन मग बाहेर पडतो. फक्त ऑफिसची कामं त्या वाटेने पाठवायची असतील तर टिक काढा. पण ऑफिसने मुद्दाम सगळं आपल्यामार्फत जावं असं ठरवलं असेल, तर न विचारता काढू नका.

बारकी कामं होतात पण मोठी फाइल उघडताना सगळं गोठतं, असं असेल तर पाकिटाच्या आकाराची भानगड असते. एमटीयू, म्हणजे त्या पाकिटाचा कमाल आकार, थोडा कमी करून बघायचा.

आणि अपग्रेडच्या नावावर उगाच खपलेली एक अडचण. जयसिंगपूरच्या एकांकडे त्याच आठवड्यात फायबरवाल्याने नवा राउटर बसवला होता. त्याचं नेटवर्क १९२.१६८.१ ने सुरू होणारं, आणि ऑफिसचंही तेच. ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० वर, तर लॅपटॉपची समजूत अशी की हा पत्ता आपल्याच घरातला आहे. त्यामुळे तो सर्व्हरला व्हीपीएनवरून शोधतच नव्हता. सगळे विंडोज ११ ला दोष देत होते. मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्यावर लावला, क्षणात टॅली उघडलं. घरच्या राउटरचा पत्ता १९२.१६८.५० ने सुरू होणारा करून दिला आणि विषय संपला. हॉटस्पॉटची ही तपासणी फुकट आहे आणि एका मिनिटात होते. ती करण्याआधी कुठल्याही सॉफ्टवेअरला हात लावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. उलट बाजूही सांगतो : काही मोबाइल नेटवर्कवर एल२टीपी मुळातच नीट चालत नाही, तेव्हा हॉटस्पॉटवर लागलं नाही म्हणून मशीन दोषी ठरत नाही. घरी नाही आणि हॉटस्पॉटवर लागलं, तरच निष्कर्ष पक्का.

ओपनव्हीपीएनसारखं वेगळं सॉफ्टवेअर असेल तर ते स्वतःचं एक आभासी नेटवर्क कार्ड बसवतं. अपग्रेडमध्ये नेमकं ते गळतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली टॅप-विंडोज किंवा तत्सम नाव दिसत नसेल, किंवा त्यावर पिवळं चिन्ह असेल, तर सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती उतरवून जुन्यावरच बसवायची. जुनं काढायचंच असेल तर कॉन्फिग फोल्डरची कॉपी आधी बाजूला. आणि विंडोजमध्ये जे 'नेटवर्क रीसेट'चं बटण आहे, ते सगळ्यात शेवटी. त्याने नेटवर्कची सगळी कार्डं उपटून पुन्हा बसवली जातात, साठवलेल्या सेटिंग्ज मूळ पदावर जातात आणि व्हीपीएनचं सॉफ्टवेअर बहुधा पुन्हा बसवावं लागतं. यूट्यूबवरचे निम्मे उपाय याच बटणापासून सुरू होतात, याचं मला वाईट वाटतं.

कधीकधी सगळं तपासून काहीच सापडत नाही, कारण दोष खरोखर अपडेटमध्येच असतो. ११ जानेवारी २०२२ ला आलेल्या विंडोज अपडेटने एल२टीपीच्या जोडण्या बंद पाडल्या होत्या. १७ जानेवारीला मायक्रोसॉफ्टने तातडीचं दुसरं अपडेट काढून त्या चालू केल्या. एप्रिल २०२४ च्या अपडेटनंतरही व्हीपीएन बंद पडण्याची अडचण मायक्रोसॉफ्टने मान्य केली आणि ती १४ मे च्या अपडेटमध्ये सुटली. ॲपलचं मॅकओएस सिकोया १६ सप्टेंबर २०२४ ला आलं तेव्हा काही व्हीपीएन आणि सुरक्षा सॉफ्टवेअर अडखळली, पुढच्या महिन्यातल्या १५.०.१ ने ती सावरली. म्हणून कालपर्यंत चालणारं व्हीपीएन एकाच दिवशी ऑफिसातल्या दोन-तीन मशीनवर बंद पडलं, तर सेटिंग उचकटण्याआधी त्या अपडेटबद्दल कंपनीने काही जाहीर केलंय का ते वाचा. नुसतं ते एक अपडेट काढून ठेवणं किंवा थोडं थांबणं पुरतं.

मॅकवाल्यांसाठी एवढंच की अपग्रेडनंतर व्हीपीएनच्या ॲपला सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन पुन्हा परवानगी द्यावी लागू शकते. ती मागणारी चौकट एकदाच येते आणि लोक घाईत ती बंद करतात. शिवाय २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिट ॲप चालतच नाहीत, तेव्हा फार जुनं सॉफ्टवेअर असेल तर ते पुन्हापुन्हा बसवण्यात अर्थ नाही.

यापेक्षा गंभीर गोष्ट वेगळी आहे. नवी प्रणाली कधीकधी जाणूनबुजून नकार देते. पीपीटीपी हा व्हीपीएनचा जुना प्रकार अजूनही काही ऑफिसांत आहे. त्याची ओळख पटवण्याची पद्धत भेदता येते हे २०१२ मध्ये जाहीरपणे दाखवलं गेलं. ॲपलने २०१६ मध्ये आयओएस १० आणि मॅकओएस सिएरातून तो काढून टाकला. अँड्रॉइड १२ मध्ये नवी पीपीटीपी किंवा एल२टीपी जोडणी करण्याची सोय राहिली नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगून टाकलं की विंडोज सर्व्हरच्या पुढच्या आवृत्त्यांतून पीपीटीपी आणि एल२टीपी दोन्ही जाणार, एसएसटीपी किंवा आयकेईव्ही२ कडे वळा. उबुंटू २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आलं आणि जुन्या, कमकुवत सह्यांची सर्टिफिकेटं नाकारली जाऊ लागली. 'सीए एमडी टू वीक' असा निरोप दिसला तर तो याचाच. अशा वेळी इंटरनेटवर एक ओळ मिळते, ती कॉन्फिगमध्ये टाकली की सुरक्षेची पातळी उतरते आणि काम चालू होतं. रिटर्नची तारीख उद्यावर असेल तर तेवढ्यापुरतं करा, मी अडवणार नाही. पण त्याच दिवशी नवं सर्टिफिकेट काढायची तारीख ठरवा. माझ्या पाहण्यात अशी तात्पुरती ओळ आपणहून कुणीच काढलेली नाही.

आता ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ते. व्हीपीएन लागत नाही म्हटल्यावर माणसं त्याला वळसा घालतात. फायरवॉल बंद करून बघतात आणि ती तशीच राहते. विंडोजच्या सुरक्षेतलं 'मेमरी इंटिग्रिटी' बंद करतात, कारण जुना ड्रायव्हर त्याला नको असतो. एखादं फुकटचं व्हीपीएन ॲप टाकतात. त्याने ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरता येतच नाही, उलट आपली सगळी ये-जा एका अनोळखी कंपनीच्या हाती जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे राउटरवर रिमोट डेस्कटॉपचं ३३८९ हे पोर्ट थेट इंटरनेटला उघडून देतात. "आता व्हीपीएनची कटकटच नाही, डायरेक्ट लागतं," असं मला एका ऑफिसात समाधानाने सांगितलं गेलं. मी त्यांच्या सर्व्हरवर इव्हेंट व्ह्यूअर उघडला, सिक्युरिटीच्या नोंदींतून ४६२५ हा क्रमांक गाळून घेतला. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. पडदा खाली सरकवत गेलो तरी यादी संपेना. एकाखाली एक नावं : ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, टेस्ट, टॅली, पुन्हा ॲडमिनिस्ट्रेटर. दर काही सेकंदांनी एक, रात्रभर. जगातून कुठून तरी कुणाचा तरी प्रोग्राम त्यांच्या दारावर पासवर्ड घासत बसला होता. साहेब माझ्यामागे उभे राहून वाचत होते. पोर्ट तिथल्या तिथे बंद केलं, सगळे पासवर्ड बदलले. आत कुणी शिरलं नव्हतं हे तपासून खात्री केली तेव्हा आम्हाला बरं वाटलं. रॅन्समवेअरवाले छोट्या ऑफिसात शिरतात ते बऱ्याचदा याच रस्त्याने, आणि त्या ऑफिसात शेकडो माणसांची कागदपत्रं असतात. एक दिवस टॅली बंद राहिलेलं परवडतं.

राहिला प्रश्न अपग्रेड कधी करायचं याचा. महिन्याच्या दहा ते वीस तारखेत करायचं नाही, आणि सगळी मशीनं एकदम करायची नाहीत. एक मशीन आधी. त्यावर घरून, हॉटस्पॉटवरून, छापण्यासकट सगळं काम दोन-चार दिवस होऊ द्या, मग पुढचं. घाई असलीच पाहिजे असंही नाही. विंडोज १० च्या घरगुती मशीनची नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेता येतात. त्या मुदतीत ऑफिसचा एल२टीपी बदलून आयकेईव्ही२ किंवा वायरगार्ड बसवून घेतला तर दोन्ही कामं एकाच फेरीत उरकतात. इचलकरंजीच्या ताईंच्या फर्मने तेच केलं. जुनी आणि नवी अशा दोन्ही वाटा काही काळ शेजारी-शेजारी चालू ठेवल्या, आणि शेवटचा माणूस नव्या वाटेवर आल्यावरच जुनी बंद केली.

आणि अपग्रेड होऊन गेलं असेल, काहीच जमत नसेल, तर परतीची सोय आहे, पण ती मुदतीची. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, रिकव्हरी इथे 'गो बॅक' हा पर्याय दहा दिवस टिकतो. जुनं विंडोज त्या काळात सी ड्राइव्हवर 'विंडोज डॉट ओल्ड' या फोल्डरमध्ये पडून असतं. जागा अडते म्हणून ते डिस्क क्लीनअपने उडवू नका. ॲडमिनिस्ट्रेटरच्या कमांड प्रॉम्प्टवर डिझमच्या 'सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो' या आदेशाने ही मुदत साठ दिवसांपर्यंत वाढवता येते, मात्र दहा दिवस उलटायच्या आत. मी अपग्रेड केलेल्या मशीनवर हा आदेश पहिल्याच दिवशी देऊन ठेवतो. फॉरमॅट मारून टाकलेल्या विंडोजला ही परतीची वाट नसते. दुकानात मशीन देताना हे आधी विचारा : अपग्रेड करणार की फॉरमॅट मारणार?